लेन्सपुढचा भाता: लार्ज फॉरमॅट कॅमेऱ्यासाठी घरी बनवायची लेन्स शेड

(या भागाचं हे लिखित रूप. बोलण्यातले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' शक्य तेवढे काढलेत, सगळे निघाले नाहीत.)



आज ऐकता ऐकता एक छोटं काम करा. फोन हातात आहेच. कॅमेरा उघडा आणि ट्यूबलाइट किंवा खिडकी फ्रेमच्या जराशीच बाहेर राहील असा धरा. स्क्रीनवरचं चित्र पांढुरकं, धुरकट दिसतंय? आता उन्हात आपण डोळ्यांवर हात धरतो ना, तसा दुसरा हात फोनच्या लेन्सवर धरा. काळा रंग परत काळा दिसायला लागला असेल. बास, लेन्स शेड म्हणजे एवढंच. जो प्रकाश फोटोत यायचा नाहीये, त्याला लेन्सपर्यंत पोचूच द्यायचं नाही.

फोनवर हात धरून भागतं. पण ४ बाय ५ इंचाच्या शीट फिल्मवर फोटो काढणाऱ्यांचं तेवढ्यावर भागत नाही, आणि का भागत नाही ते समजलं की शेड कशी बनवायची हे जवळजवळ आपोआप समजतं. म्हणून आधी थोडी थिअरी, मग कात्री.

लार्ज फॉरमॅट कॅमेरा ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी पटकन: पुढे लेन्सची चौकट, मागे दुधी काचेची चौकट, मध्ये घड्यांचा भाता. डोक्यावर काळं कापड घेऊन आपण काचेवरचं उलटं चित्र बघतो, आणि मग काचेच्या जागी फिल्म होल्डर सरकवतो. खरी गंमत ही की पुढची चौकट वर, खाली, बाजूला सरकते, तिरकीही होते. इमारतीचा फोटो काढताना कॅमेरा वर न वळवता फक्त लेन्स वर उचलायची, म्हणजे भिंती वरच्या बाजूला निमुळत्या होत नाहीत.

हे सरकणं शक्य व्हावं म्हणून लेन्सला फिल्मपेक्षा बरंच मोठं चित्र पाडावं लागतं. हे चित्र गोल असतं. १५० मिमीच्या बऱ्याच लेन्स एफ/२२ वर साधारण २१० मिमी व्यासाचं वर्तुळ देतात. फिल्मवर चित्राची जागा असते सुमारे १२० बाय ९५ मिमी. आता शाळेतलं क्षेत्रफळ आठवा. वर्तुळ ३४,६०० चौरस मिलिमीटर, फिल्म ११,४००. म्हणजे त्या वर्तुळाचा एक तृतीयांश भाग फोटो बनतो आणि उरलेला दोन तृतीयांश कॅमेऱ्याच्या भात्याच्या आतल्या बाजूवर पडतो. भाता काळा असतो, पण पूर्ण काळं असं जगात काही नसतं. थोडा प्रकाश उसळतो, इकडेतिकडे आपटतो आणि फिल्मवर एखाद्या पातळ पडद्यासारखा पसरतो.

त्यात लेन्स जुनी असेल तर आणखी भर. कोटिंग नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून साधारण ४ टक्के प्रकाश परत फिरतो. १९०२ च्या टेसर रचनेत हवेला भिडणारे असे ६ पृष्ठभाग आहेत. काचेवर कोटिंग चढवायचं तंत्र झाइसमध्ये १९३५ मध्ये आलं. त्याआधीची किंवा कोटिंगशिवायची लेन्स वापरत असाल तर शेड ही चैन नाही, गरज आहे.

"पातळ पडदा पडला तर पडला, स्कॅन करून काँट्रास्ट वाढवू" असं तुम्ही म्हणाल. थांबा, एक छोटा हिशोब करू. समजा सगळ्यात उजळ भाग १०० आहे आणि सगळ्यात गडद सावली त्याच्या १२८ व्या हिश्श्याएवढी, म्हणजे ०.७८. सात स्टॉपचा फरक. आता या सगळ्यावर भटक्या प्रकाशाचा फक्त १ टाका. उजळ भाग १०१ झाला, कुणाला कळणारही नाही. सावली मात्र १.७८ झाली, दुपटीहून जास्त! सात स्टॉपचा सीन सहाच्याही आत आला. आणि सावलीत पडलेला हा जादाचा प्रकाश काही चित्र घेऊन आलेला नाही, नुसताच प्रकाश आहे. नंतर काँट्रास्ट वाढवला की करडा रंग काळा होईल, पण सावलीतल्या बारीक फरकांवर जे ग्रेन आणि धुकं चढलं ते उतरत नाही.

हे सगळं आज काढायचं कारण म्हणजे एका श्रोत्याचा मेसेज. पुण्यातल्या पेठेतला एक जुना वाडा, महिन्याभरात पाडणार आहेत. याला त्याचा ४ बाय ५ वर एक नीट फोटो हवाय. सागवानी दिंडी दरवाजा, वर कोरलेली गणेशपट्टी, सगळं खोल सावलीत. आणि डोक्यावर आषाढातलं पांढरंफटक आभाळ. त्याने विचारलं होतं, "शेड नसली तर खरंच काही बिघडतं का?" या फोटोत बिघडतं. कोरीवकाम नेमकं त्या ०.७८ मध्ये बसलंय. शीट आणि डेव्हलपिंग मिळून काही शे रुपये जातात ते वेगळंच, पण इथे दुसरी शीट लावून परत जायला वाडाच शिल्लक राहणार नाही.

मग बाजारात मिळतं ते गोल हूड का नाही लावायचं? एक तर आपलं चित्र आयताकृती, त्यामुळे गोल हूड चारही बाजूंना गरजेपेक्षा जास्त आकाश आत सोडतं. आणि दुसरं, लेन्स वर उचलली की कॅमेरा मधलं सोडून वरचं दृश्य बघायला लागतो. हूड मात्र सरळ समोर बघत बसतं आणि त्याची कड फोटोच्या कोपऱ्यात घुसते. सिनार, लिनहॉफ, टोयो या कंपन्यांनी यावर उत्तर काढलं ते छोट्या भात्याचं. भाता कमीजास्त लांब करता येतो, वरखाली वाकवता येतो. सिनेमाच्या सेटवर कॅमेऱ्यापुढे चौकोनी डबा बघितला असेल, मॅट बॉक्स, तो याचाच भाऊ. ह्या तयार शेड परदेशातून सेकंडहँड मागवाव्या लागतात, वर कस्टम. आणि त्यात आहे काय, तर घड्या घातलेलं काळं कापड आणि दोन चौकटी.

जुने फोटोग्राफर काय करतात माहितीये? फिल्म होल्डरमधली काळी पट्टी, डार्क स्लाइड, ती काढली की हातातच असते. तीच लेन्सच्या वर धरतात. सूर्य एका बाजूला असेल तेव्हा ही युक्ती झकास आहे, फुकट आहे, मी तर आधी तीच करा म्हणेन. पण ढगाळ दिवशी सूर्य एका जागी नसतो, अख्खं आकाश दिवा झालेलं असतं. चारही बाजूंनी धरायला चार हात लागतील.

आता मापं. यातला एक नियम मला फार आवडतो, कारण तो पाठ करावा लागत नाही: शेडची पुढची खिडकी फिल्मएवढी ठेवा, आणि ती लेन्सपासून फोकल लेंथएवढ्या अंतरावर धरा. १५० ची लेन्स तर १५० मिमी, २१० ची तर २१०. असं का? लेन्सच्या छिद्रातून मागे फिल्मकडे जाणारा शंकू आणि पुढे दृश्याकडे जाणारा शंकू एकाच कोनाचे असतात. मागे १५० मिमीवर फिल्म बसते, तर पुढे १५० मिमीवर तेवढीच खिडकी बसणार. नीट सूत्रच हवं असेल तर: फिल्मची रुंदी गुणिले अंतर, भागिले फोकल लेंथ, अधिक ॲपर्चरच्या छिद्राचा व्यास. एफ/२२ वर १५० च्या लेन्सचं छिद्र जेमतेम ७ मिमी. म्हणजे १५० मिमीवर खिडकी लागेल १२७ बाय १०२.

आपण कापूया १३० बाय १०५, आणि ती १५० ऐवजी १३५ मिमीवर ठेवूया. इतक्या जवळ ११५ बाय ९३ ची खिडकीही पुरली असती, त्यामुळे प्रत्येक बाजूला सहासात मिलिमीटरची सूट मिळते. घरी बनवलेल्या वस्तूला एवढी सूट हवीच. अंतर मोजायचं ते लेन्सच्या पुढच्या कडेपासून नाही, आतल्या ॲपर्चरपासून. दुकानातली पट्टी लावून अंदाज घेतला तरी चालेल.

आणि ही गोष्ट ऐकून तुमचा निम्मा ताण जाईल: हा भाता प्रकाशबंद नसला तरी चालतो. कॅमेऱ्याच्या मुख्य भात्याला सुईएवढं भोक पडलं तरी फिल्म वाया जाते. आपला भाता लेन्सच्या पुढे आहे, तिथे शिवणीतून थोडा उजेड झिरपला तर काही होत नाही. त्याने फक्त आडवं यायचंय.

भाता म्हटलं की आपल्याकडे आधी लोहार आठवतो आणि मग पेटी. पेटीचा भाता उघडून बघा, पुठ्ठ्याच्या फळ्या आणि सांध्यांवर कापड किंवा चामडं. आपण जे करणार ते याच जातीचं. केरळमधल्या अलप्पुळ्यात १९४० च्या दशकात 'वागीश्वरी' नावाचे लाकडी फील्ड कॅमेरे बनायला लागले. ते बनवणारे के. करुणाकरन यांचं घर मुळात वाद्यदुरुस्तीचं होतं. एका स्टुडिओच्या कॅमेऱ्याचा बिघडलेला भाता त्यांच्याकडे दुरुस्तीला आला आणि तिथून कॅमेऱ्यांचा कारखाना उभा राहिला. त्यामुळे तुमच्या ओळखीत कुणी पेटी दुरुस्त करणारे काका असतील तर त्यांना हा भाग जरूर पाठवा. ते कदाचित हसतील आणि अर्ध्या तासात भाता करून देतील.

काका नसतील तर आपण करू. सामान: मोडलेल्या छत्रीचं काळं कापड, शिंप्याकडचं अस्तराचं काळं सुती कापड, पट्ट्यांसाठी जाड कार्ड, सनबोर्ड, आणि चप्पलवाले वापरतात ते सोल्युशन. कार्डासाठी जुन्या लग्नपत्रिका उत्तम, जाडी अगदी हवी तेवढी असते. (ज्यांची पत्रिका कापाल त्यांना सांगू नका.) सनबोर्डऐवजी थर्माकोल भरलेला बोर्ड घेऊ नका, सोल्युशनने थर्माकोल विरघळतो. आणि काम खिडकी उघडी ठेवून करा, सोल्युशनचा वास डोक्यात जातो.

भाता चौकोनी करायचा, १५० बाय १५० मिमी. खिडकीपेक्षा मोठा मुद्दाम, कारण घड्या आतल्या बाजूला येतात आणि त्या खिडकीच्या कडेमागे लपल्या पाहिजेत. अस्तराचा तुकडा ६१५ मिमी रुंद कापा: चार बाजूंचे ६००, चिकटवायला १५. लांबी ३०० मिमी, कारण घडीचा भाता कधीच पूर्ण ताठ होत नाही. यावर पेन्सिलने चार उभे रकाने आखा, आणि प्रत्येक रकान्यात १२ मिमी रुंदीच्या २० आडव्या पट्ट्या, दोन पट्ट्यांत २ मिमी फट. एकूण ८० पट्ट्या. हो, ऐंशी. एखादा जुना पॉडकास्ट लावा आणि कापत बसा.

पट्टीची लांबी १५० नाही, १३४ ठेवायची. दोन्ही टोकांना ८-८ मिमी मोकळी जागा. हा सगळ्या कामाचा प्राण आहे, म्हणून जरा थांबून सांगते. भात्याच्या कुठल्याही आडव्या रेषेवर कापडाचा घेर तेवढाच राहतो, तो ताणला जात नाही. मग वरच्या आणि खालच्या बाजूची घडी बाहेर आली, तर त्याच रेषेवर डाव्या-उजव्या बाजूची घडी आत जायलाच हवी. पुढच्या रेषेवर बरोबर उलट. या अदलाबदलीत कोपरा दर घडीला पुढेमागे सरकतो आणि तिथे कापड तिरकं मुडपतं. कोपऱ्यात पुठ्ठा असेल तर ते मुडपणार कसं? बहुतेक घरगुती भाते इथेच अडतात.

पट्ट्या चिकटल्या की वरून छत्रीचं कापड लावा. सोल्युशन दोन्हीकडे पातळ, दहाएक मिनिटं सुकू द्यायचं, मग दाबायचं. मग कापडाची नळी करून कड चिकटवा आणि घड्या घालायला घ्या. एका टोकापासून सुरुवात: वरची-खालची बाजू चिमटीत धरून बाहेर, डावी-उजवी आत दाबायची. पुढच्या रांगेत उलट. पहिल्या चारपाच रांगा रडवतात, नंतर कापडाला कळतं काय करायचंय ते. पूर्ण मिटवून रात्रभर जाड पुस्तकांखाली ठेवा.

दोन्ही टोकांना सनबोर्डच्या १७० मिमीच्या चौकोनी चौकटी. पुढच्या चौकटीला मोठं भोक, आणि त्यावर खिडकी कापलेलं वेगळं काळं कार्ड, चार बाइंडर क्लिपांनी धरलेलं. कार्ड सुटं ठेवायचं कारण म्हणजे उभा फोटो काढताना तेच काढून आडवं-उभं फिरवता येतं, आणि दुसऱ्या लेन्ससाठी वेगळी खिडकी कापता येते. मागच्या चौकटीला तुमच्या लेन्सच्या मापाची फिल्टर रिंग. जुना, चरे पडलेला यूव्ही फिल्टर घ्या आणि त्याची काच काढा. रिंग आधी लेन्सवर पूर्ण फिरवून बसवा, मग चौकट सरळ धरून अराल्डाइटने चिकटवा. उलट क्रमाने केलंत तर रिंग घट्ट झाल्यावर चौकट भलत्याच कोनात थांबेल. ही चौकट मोठी असल्याने शटरची कळ आणि ॲपर्चरचा काटा समोरून दिसणार नाही, बाजूने डोकावावं लागेल.

पुढची चौकट हवेत कशी राहणार? मोबाईलचं लवचिक मानेचं स्टँड असतं ना, झोपून रील बघायचं, ते. त्याचा एक चिमटा कॅमेऱ्याच्या पुढच्या चौकटीला, दुसरा शेडच्या पुढच्या चौकटीला. कॅमेऱ्याच्या पुढच्याच चौकटीला लावायचं, ट्रायपॉडला नाही, म्हणजे लेन्स सरकवली की शेडही बरोबर जाते.

आतला काळा रंग हा वेगळा विषय आहे. काळा दिसतो तो काळा असतोच असं नाही. छत्रीचं कापड चकाकतं, म्हणून ते बाहेरून. आत सुती अस्तर. सनबोर्ड तर आरशासारखा चमकतो, त्यावर क्राफ्टच्या दुकानातला काळा वेल्वेट पेपर लावा. मग खोलीत अंधार करा, शेडमध्ये तिरका फोनचा टॉर्च मारा आणि लेन्सच्या जागेवरून बघा. जिथे चकाकेल तिथे अजून वेल्वेट.

आता वापर. आधी फ्रेम, मग लेन्सची वरखाली हालचाल, मग फोकस, आणि शेड सगळ्यात शेवटी. त्या वाड्याचंच घ्या. लेन्स २० मिमी वर उचलली, तर शेडची खिडकीही वर उचलावी लागेल. किती? २० गुणिले १३५ भागिले १५०, म्हणजे १८ मिमी. स्टँडची मान तेवढी वर वाकवली की झालं.

खात्री कशी करायची हे नीट ऐका. ॲपर्चर आधी एफ/२२ वर आणा, किंवा जिथे फोटो काढणार तिथे. पुष्कळ कॅमेऱ्यांच्या दुधी काचेचे चारही कोपरे कापलेले असतात. ते तुटलेले नसतात हो, त्यातून हवा जाते आणि आपल्याला आत डोकावता येतं. कोपऱ्यातून लेन्सकडे बघा. ॲपर्चरचं छिद्र पूर्ण दिसलं तर कोपरा सुरक्षित. मांजराच्या डोळ्यासारखं चिरलेलं दिसलं तर काहीतरी आडवं येतंय. शेड हळूहळू लांब करत जा, छिद्र चिरायला लागलं की तिथून सातआठ मिलिमीटर मागे या. चारही कोपरे बघा, आभाळाकडचे दोन विसरू नका. चित्र उलटं असल्यामुळे ते काचेच्या खालच्या बाजूला असतात. डोळा पोचत नसेल तर फोनचा कॅमेरा त्या कोपऱ्याला लावा, झूम करून आरामात दिसतं.

पूर्ण उघड्या एफ/५.६ वर हीच तपासणी केलीत तर छिद्र २७ मिमीचं असतं आणि ते चिरलेलं दिसेल. घाबरून शेड आखूड कराल आणि फायदा घालवून बसाल.

आता शेड कधी लावायची नाही. एक, वाऱ्यात. एफ/२२ ला अर्धा-एक सेकंदाचं एक्स्पोजर सहज होतं, आणि १७० मिमीची चौकट म्हणजे लेन्सला बांधलेलं शीड. घाटमाथ्यावर किंवा कोकणात किनाऱ्यावर ती सरळ काढा आणि डार्क स्लाइड हातात धरा. दोन, ९० मिमीहून रुंद लेन्सवर. नियमाप्रमाणे अंतरच इतकं कमी होतं की भाता मिटलेलाच राहतो, आणि थोडी हालचाल केली की कोपरा गेला. तिथे साधं कार्डही पुरतं.

भुरभुर पावसात मात्र हीच शेड समोरच्या काचेवर थेंब येऊ देत नाही. घरी आल्यावर अस्तर ओलं असेल तर भाता उघडा ठेवून वाळवा, मिटून बॅगेत टाकलात तर बुरशी लेन्सपर्यंत पोचेल.

मापांचा कागद हवा असेल तर मेसेज करा. पुढच्या भागात शीट फिल्म अंधारात होल्डरमध्ये भरायची कशी ते बघू, आणि त्यासाठी घरातली कुठली खोली रिकामी करून घ्यायची तेही. भेटूया!